हलणारा दात काय सांगतो?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आकाशवाणीसाठी माझ्या कवितांचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. दुसरी कविता अर्ध्यावर आली आणि काचेपलीकडच्या तरुणानं हात वर केला. म्हणाला, ‘‘सर, ‘स’ला शिट्टी येतेय. जरा पाणी पिऊन घेता का?’’ मी पाणी प्यालो, पुन्हा वाचलं. शिट्टी कायम. तिसऱ्यांदा त्यानं फक्त मान हलवली आणि माइक थोडा तिरका करून दिला.

शिट्टी कुठून येते ते मला ठाऊक होतं. माझा वरचा पुढचा एक दात पाच-सहा महिन्यांपासून हलत होता आणि शेजारच्या दातापासून थोडा दूरही सरकला होता. त्या फटीतून वारा निसटत होता. बी.ए.ला मराठी घेतलेला मी माणूस. त, थ, द, ध, न आणि स हे दंत्य वर्ण, त्यांचा उच्चार दातांच्या आधारानं होतो, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला. आधारच डगमगला तर अक्षर कुठे उभं राहणार?

मित्रहो, हा दात मी घरातसुद्धा लपवला होता. भाकरी दुधात कुस्करून खायची, ऊस पुढे आला की ‘नको, साखर वाढते’ म्हणायचं. (हे थट्टेत म्हणत होतो. ते खरं निघणार होतं.) लपवण्याचं कारण लाज हे होतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मी मनातून हार मानली होती. आमच्या अम्मीचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले. एकेक दात हलायचा, महिनोन्‌महिने लोंबायचा आणि एके दिवशी घास चावताना हातात यायचा. ती तो कागदात गुंडाळून अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरायची आणि म्हणायची, ‘‘उमर झाली.’’ तेव्हा तिचं वय चव्वेचाळीस होतं. माझ्या मनानंही तोच हिशेब मांडला होता. आईचे गेले, आता आपले जाणार.

हा हिशेब चुकीचा होता. तो कसा चुकीचा, तेच आज सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. पण गेल्या दोन वर्षांत दंतवैद्याच्या खुर्चीत बसून जे शिकलो, समजत नाही तिथे विचारून घेतलं, ते आपल्या भाषेत मांडतो.

आपल्याला वाटतं, दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा पक्का असतो. तसं नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये अगदी बारीक तंतूंचं अस्तर असतं. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. हजारो तंतूंनी दात हाडाच्या खोबणीत झोळीसारखा टांगलेला असतो. म्हणून कडक फुटाणा चावला तरी धक्का सरळ हाडाला बसत नाही, तंतू तो झेलतात. म्हणजे निरोगी दातही किंचित हलतोच, पण आपल्याला जाणवत नाही. तो जाणवण्याइतका हलू लागला, तर बहुतेक वेळा दोष दातात नसतो. दाताला धरून ठेवणारी हिरडी, तंतू आणि हाड यांच्यात तो असतो.

डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला गोठ्यातला खुंटा आठवला. बैलाचा खुंटा हलायला लागला तर आपण खुंट्याला दोष देत नाही. भोवतालची माती सैल झाली का ते बघतो. दाताचंही तसंच आहे. कीड नसलेला, पांढराशुभ्र, धडधाकट दातसुद्धा पडतो, कारण त्याची माती वाहून गेलेली असते.

ही माती नेते कोण? जेवल्यावर काही तासांतच दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर साचू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा कडक होऊ लागतो. यालाच आपण दातांवरचं कीटण म्हणतो. एकदा कीटण झालं की ब्रश, मंजन, काडी कशानंही ते निघत नाही. त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर आणखी जिवाणू बसतात. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागताच रक्त येतं. ही पहिली पायरी. इथवर काहीही गमावलेलं नसतं. दात साफ करून घेतले आणि नीट घासले तर हिरडी पूर्वीसारखी होते.

दुसरी पायरी मात्र हिरडीच्या आड घडते. सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती चार, पाच, सात मिलिमीटर झाली की आत ब्रश पोहोचत नाही. जिवाणूंशी लढताना आपल्याच शरीराची जी दाहक प्रक्रिया चालते, तिच्यात तंतू तुटतात आणि हाड झिजतं. हे हाड आपोआप पुन्हा भरत नाही. आणि या सगळ्यात बहुधा दुखत नाही. कीड लागलेला दात रात्रभर झोपू देत नाही, म्हणून आपण सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग वर्षानुवर्षं चुपचाप चालतो आणि दात हलला की मगच आपल्याला कळतो. म्हणजे दात हलणं ही रोगाची शेवटची खूण असते. पहिली खूण होती थुंकीतलं रक्त. मला ते सात-आठ वर्षं दिसत होतं. मी मंजन बदललं, ब्रश बदलला, एकदा तर रक्त येतं म्हणून त्या बाजूनं घासणंच सोडून दिलं. रक्त आलं की तिथे हळुवार पण जास्त निगुतीनं घासायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

अखेर ‘स’च्या शिट्टीनं मला बुलढाण्यातल्या एका दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून खिसे मोजले, क्ष-किरण चित्र काढलं. मग दातांबद्दल काही न बोलता विचारलं, ‘‘काका, रात्री लघवीला किती वेळा उठता?’’

मी म्हणालो, ‘‘तीन-चार वेळा. पण दाताचं काय?’’

‘‘दाताचंच विचारतेय,’’ त्या म्हणाल्या आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहून दिली.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी. तिचा आकडा ६.५ किंवा त्याहून अधिक आला तर मधुमेह धरतात. माझा आला ९.४. उसाला नाही म्हणताना केलेली थट्टा अशी अंगाशी आली. मधुमेहाची बातमी मला दातानं दिली.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दुहेरी आहे. रक्तात साखर वाढली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, जखम भरायला वेळ लागतो आणि हाड लवकर झिजतं. उलट हिरड्यांमध्ये सतत दाह असला तर साखर आटोक्यात यायला तयार होत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले की साखर थोडी का होईना उतरते, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे एकाहून अधिक दात हलत असतील, तर त्यानं साखर तपासून घ्यावी. आणि ज्याला मधुमेह आहे, त्यानं डोळे नि पाय तपासतो तशा हिरड्याही तपासून घ्याव्यात.

दुसरं मोठं कारण आपल्या खिशात असतं. तंबाखू, चुना, पुडी, बिडी, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तो खाणारे गाल आपल्या आजूबाजूला अजून दिसतातच. तंबाखूची गोळी जिथे रोज धरली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. बिडी-सिगारेटचा दगा आणखी वेगळा. धुरातल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आकुंचतात, त्यामुळे हिरडी आतून सडत असली तरी रक्त फारसं येत नाही. पहिली खूणच दडपली जाते. बिडी ओढणारा म्हणतो, ‘‘आपल्या हिरड्या ठणठणीत, थेंबभर रक्त नाही.’’ त्याचं हाड तोवर निम्मं गेलेलं असतं.

इथे मला पुन्हा अम्मी आठवते. ती मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर तो उग्र वास, मग डबीत भरून ठेवायची. सकाळी लावायची, दुपारी काम उरकलं की लावायची, जीव उदास झाला की लावायची. गल्लीतल्या सगळ्या बायका, कोणत्याही धर्माच्या असोत, तेच करायच्या. ‘मिसरीनं दात घट्ट होतात’ असं त्यांचं ठाम मत. तंबाखूनं हिरडीला जरा बधिरपणा येतो, दुखणं जाणवत नाही, म्हणून घट्ट झाल्यासारखं वाटतं. दात साफ करायच्या उत्पादनांत तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ साली कायद्यानं बंदी आली. पण घरच्या तव्यावर कायदा कुठला पोहोचायला! अम्मीचे दात उमरीनं गेले नव्हते. तिनं दातांसाठी म्हणून जे लावलं, त्यानंच गेले. हे मला ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. काही जण झोपेत दात खातात. त्या दाबानं आधीच दुबळे झालेले दात अधिक हलतात. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, रक्त येतं, त्या दिवसांतही दंतवैद्याला दाखवता येतं. आईवडिलांकडून रोगाचा कल येऊ शकतो, हेही खरं. पण कल म्हणजे नशीब नव्हे. ज्याच्या घरात हे आहे त्यानं इतरांपेक्षा लवकर दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ. मार लागून दात हलला असेल तर ओढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आजूबाजूचे दात घट्ट असताना एकच दात अचानक हलू लागला, जवळ दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा किंवा गाठ असली, तोंड कमी उघडत असलं, तर तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करायला एक दिवसही दवडू नये. तंबाखू खाणाऱ्यानं तर मुळीच नाही.

पाण्याचंही नाव आपल्याकडे निघतं. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडची गावं. तिथे लोक म्हणतात, ‘‘पाणीच असं, दात कसे टिकतील?’’ खारं पाणी हा तिथला खरा आणि जुना प्रश्न आहे, त्याची थट्टा नको. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं तर लहानपणी दात घडत असताना त्यांच्यावर डाग पडतात, हेही खरं. पण मोठ्या माणसाच्या दाताभोवतीचं कीटण पाणी बदलून निघत नाही. पाण्याकडे बोट दाखवलं की आपला ब्रश, आपली पुडी आणि आपली साखर तिघंही सुटतात.

मला त्या केसांच्या बातमीची आठवण होते. २०२४च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस मुठीनं गळू लागले. काही दिवसांत टक्कल. साऱ्या देशात बातमी गेली, पाण्याचे नमुने घेतले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. यायलाच हवी होती. ज्या पोरींचे केस गेले त्यांचं दुःख लहान नव्हतं. पण त्याच गावांत, आणि तुमच्या-माझ्या गावातही, कितीतरी माणसांचे दात वीस वर्षं लावून एकेक करून जातात, त्याची बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात हिरड्यांचा गंभीर रोग असलेली माणसं सुमारे १०० कोटी आहेत. केस आठ दिवसांत गेले म्हणून आपण घाबरलो. दात सावकाश जातात म्हणून आपण त्याला वय म्हणतो.

आता उपचाराकडे येऊ. हलणाऱ्या दाताच्या साधारण तीन पायऱ्या धरतात. एक मिलिमीटरपर्यंत हलतो ती पहिली, त्याहून जास्त पुढे-मागे हलतो ती दुसरी आणि दाबला की वर-खालीही होतो ती तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बरेच दात वाचवता येतात. तिसरीवरचा बहुधा जातो. माझा पुढचा दात दुसऱ्या पायरीवर होता. खालची एक दाढ तिसरीवर होती, ती काढावी लागली.

उपचाराची सुरुवात साफसफाईनं होते. आधी वरचं कीटण काढतात. मग भूल देऊन हिरडीच्या आत, मुळावरचं कीटण खरवडून मूळ गुळगुळीत करतात. इथेच आपल्याकडे एक मोठी समजूत आडवी येते. ‘दात साफ केले की हलायला लागतात.’ मीही याच भीतीनं इतकी वर्षं गेलो नव्हतो. डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘काका, हाड आधीच गेलेलं असतं. दातांमध्ये कीटण घट्ट बसलेलं असतं, म्हणून ते एकमेकांना टेकून उभे असतात. कीटण काढलं की आजवर झालेलं नुकसान दिसतं.’’ मला पुन्हा खुंटाच आठवला. माती वाहून गेली, आपण भोवती दगड रचले, खुंटा उभा दिसतो. पण हे दगड असे आहेत की तेच उरलेली माती खातात. ते काढले की काही दिवस दात हलल्यासारखे, थंड पाण्यानं ठणकल्यासारखे वाटतात. सूज उतरून फटी दिसतात. मग हिरडी दाताला पुन्हा घट्ट बिलगू लागते आणि थोडा हलणारा दात पुष्कळदा आपोआप स्थिरावतो.

तेवढ्यानं भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत. खिसे खोल राहिले तर हिरडी उघडून आतून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. काही विशिष्ट जागी हाडाची भर घालता येते, पण ती सगळीकडे जमत नाही. चावताना एखाद्या दातावर जास्त भार येत असेल तर तो घासून कमी करतात. झोपेत दात खाणाऱ्याला रात्री घालायची पट्टी देतात. हलणारा दात शेजारच्या घट्ट दातांना आतून बारीक तारेनं बांधतात. माझा पुढचा दात असाच बांधला आहे. वावटळीत कोवळं झाड बांबूला बांधावं, तसा. पण साफसफाई न करता नुसती तार बांधणं म्हणजे मुळाशी वाळवी असताना झाडाला टेका देणं.

जो दात वाचतच नाही, तो काढावा. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत निराधार आहे. दात काढण्याआधी मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडं बळकट करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगावं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नये. काढल्यावर जागा रिकामी ठेवू नये, कारण शेजारचे दात तिकडे कलतात. काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दातांवर बसवलेला पूल किंवा हाडात रोवलेला कृत्रिम दात, असे पर्याय आहेत. पण रोवलेल्या दाताभोवतीही हिरडीचा रोग होतोच. माती सांभाळायची नसेल तर नवा खुंटाही हलणार.

खर्चाची भीती असते, ती खोटी नाही. पण जिल्हा सामान्य रुग्णालयात दंतविभाग असतो. मोठे उपचार लागले तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. आणि साफसफाई वेळेवर केली तर पुढचे सगळे महागडे उपचार टळतात. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ या म्हणीचा दुसरा अर्धा भाग मला आता कळू लागला आहे. चणे आणायची ऐपत येईस्तोवर दात राखणं आपल्या हातात असतं.

राहता राहिली रोजची निगा. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्याकडे तिरका धरायचा, कारण शत्रू तिथेच बसतो. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. दातांच्या फटींत धागा किंवा बारीक ब्रश फिरवायचा. राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा यांनी दात चमकतात, पण हिरडी सोलली जाते. आमच्याकडे मिसवाकची, म्हणजे पीलूच्या झाडाची काडी वापरतात. शेजारी कडुनिंबाची, बाभळीची. काडी चांगली, जर ती ओली, मऊ कुंचल्यासारखी चावलेली असेल आणि प्रत्येक दातावर फिरत असेल तर. नुसती तोंडात धरून गल्लीत गप्पा मारल्यानं काही होत नाही. आणि वर्षातून एकदा, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर त्याहून लवकर, दंतवैद्याला दाखवायचं.

मागच्या महिन्यात माझी साखरेची सरासरी ६.९ होती. दात तारेला धरून उभा आहे. किती वर्षं राहील ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे भाषण ध्वनिमुद्रित करताना काचेपलीकडे तोच तरुण होता. ‘स’ आला की मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं एकदाही हात वर केला नाही.

मित्रहो, आज रात्री दात घासून झाल्यावर बेसिनमध्ये थुंकाल, तेव्हा नळ लगेच सोडू नका. क्षणभर बघा. पाण्यात लाल दिसलं तर त्याला उमर म्हणू नका. त्या आठवड्यातच दवाखान्यात जा. अजून वेळ गेलेली नसते.